रस्ता दर वेळी वर चढतो, आमची घरे आहेत तिथेच राहतात

माननीय सरपंच, उपसरपंच, सर्व पंच सदस्य आणि आमच्या वाड्यावरच्या रस्त्याचे काम पाहणारे अभियंते यांस,

सादर नमस्कार.

गेल्या रविवारच्या ग्रामसभेत आपण आमच्या वाड्यावरच्या रस्त्याचे हॉटमिक्सिंग, म्हणजे गरम डांबर-खडीचा नवा थर घालण्याचे काम, पावसाळ्यापूर्वी पूर्ण करणार असल्याचे जाहीर केले. सभागृहात टाळ्या वाजल्या आणि त्या वाजवणाऱ्यांत मीही होतो, कारण या रस्त्यावरचे खड्डे चुकवताना शाळेत जाणारी मुले सायकलीवरून पडलेली मी पाहिली आहेत. टाळ्या थांबल्यावर मी उभा राहून एकच प्रश्न विचारला: नवा थर घालण्याआधी जुना थर उकरून काढणार आहात काय? अंदाजपत्रकात तशी तरतूद नाही, असे उत्तर मिळाले आणि सभा पुढच्या विषयाकडे वळली. त्या एका वाक्याचा आमच्या घरांवर काय परिणाम होणार आहे, हे सभेत दोन मिनिटांत सांगणे मला जमले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. असेच काम इतर गावांतही होत असेल, आणि तिथल्या घरवाल्यांनी आपापल्या फाटकापाशी मोजमाप घेऊन पाहावे असे मला वाटते, म्हणून ते उघडपणे लिहीत आहे.

प्रथम माझा या रस्त्याशी संबंध काय ते सांगतो. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाड्याची एक बाजू डोंगराच्या उताराला टेकलेली आहे. दुसऱ्या बाजूला कुळागरे, म्हणजे माड-पोफळीच्या बागा आहेत आणि त्यांच्या पलीकडे व्हाळ, म्हणजे ओढा. मधून रस्ता जातो. रस्त्याच्या खालच्या अंगाला नऊ घरे आहेत, त्यांतले एक माझे. माझ्या आजोबांनी ते १९५२ साली बांधले. भिंती जांभ्या चिऱ्यांच्या, जोडायला माती, वरून शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा, दारे फणसाची, वासे किंदळाचे आणि वर मंगळुरी कौले. मी एका संस्थेत हिशेबनीस म्हणून नोकरी केली, पण घराची दुरुस्ती वडिलांच्या हाताखाली शिकलो आणि गेली पस्तीस वर्षे ती शक्यतो स्वतःच्या हाताने करत आलो आहे. एप्रिल-मे महिन्यांत कौले परतायची, फुटकी बदलायची, वाशांना वाळवी लागली आहे का ते ठोकून पाहायचे, पन्हळी मोकळ्या करायच्या, पावसाचा मारा ज्या बाजूने येतो त्या भिंतीला माडाच्या झापा बांधायच्या, विहिरीच्या कठड्याच्या भेगा भरायच्या, ही कामे आमच्याकडे पावसाळ्याच्या बेगमीइतकीच ठरलेली आहेत. या कामांत मला आनंद आहे आणि त्यांबद्दल माझी कोणाकडेही तक्रार नाही.

मात्र इतकी वर्षे घर हाताळल्यानंतर एक गोष्ट मी खात्रीने सांगू शकतो. आमच्या पूर्वजांनी ही घरे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणाऱ्या पावसासाठीच बांधली होती. उतरते छप्पर पाणी झटकून टाकते, पुढे आलेल्या पागोळ्या ते भिंतीपासून दूर सोडतात आणि उंच जोते भिंतीचा पाय कोरडा ठेवते. हे सारे गृहीत धरते की अंगणात पडलेले पाणी पुढे वाहून जाईल. अंगणच खड्डा झाले, तर या रचनेतला एकही भाग उपयोगी पडत नाही.

आमच्या फाटकाच्या खांबावर माझ्या वडिलांनी १९८४ साली छिन्नीने एक खूण कोरलेली आहे. त्या वर्षी मातीच्या रस्त्यावर प्रथम डांबर आले. त्या दिवशी रस्त्याहून आमचे अंगण एक फूट उंच होते. रस्त्यावरून अंगणात यायला दोन पायऱ्या चढाव्या लागत. त्यानंतर प्रत्येक डांबरीकरणाच्या वेळी आधी वडिलांनी आणि नंतर मी रस्त्याची पातळी मोजून दुरुस्तीच्या वहीत लिहून ठेवली आहे. मोजण्याची पद्धत कोणत्याही गवंड्याला ठाऊक असते. पारदर्शक नळीत पाणी भरायचे, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, एक टोक खांबावरच्या खुणेपाशी धरायचे आणि दुसरे रस्त्याच्या मध्यावर उभ्या केलेल्या पट्टीपाशी. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला थांबते, मग पट्टीवरचा आकडा वाचायचा. तीन वेळा मोजून तिन्ही वेळी तोच आकडा आला तरच मी तो वहीत लिहितो.

त्या वहीप्रमाणे रस्ता १९९३ साली ९ सेंटिमीटर, २००१ साली ८, २००७ साली ७, २०१२ साली ८, २०१७ साली ९ आणि २०२२ साली ७ सेंटिमीटर वर आला. बेरीज ४८ सेंटिमीटर होते. जे अंगण रस्त्याहून ३० सेंटिमीटर वर होते, ते आज १८ सेंटिमीटर खाली आहे. खालच्या पायरीचा चिरा रस्त्याखाली पूर्ण गाडला गेला आहे आणि वरची पायरी आता अंगणात उतरण्यासाठी लागते. यांतली शेवटची तिन्ही वर्षे निवडणुकीची होती. त्यावरून मला कोणावरही आरोप करायचा नाही, पण निवडणुकीच्या आधी घाई असते, आणि घाईत सर्वांत आधी गाळले जाते ते उकरण्याचे काम, एवढे मात्र मी तिन्ही वेळा डोळ्यांनी पाहिले आहे. आता आपण जाहीर केलेल्या कामाची कागदपत्रे मी माहिती अधिकार कायदा, २००५ खाली मागवली. ती तीस दिवसांच्या मुदतीत मिळाली, याबद्दल आभार मानतो. त्यांत खाली ५० मिलिमीटरचा आणि वर ३० मिलिमीटरचा थर धरला आहे. म्हणजे रस्ता आणखी ८ सेंटिमीटर वर येणार आणि आमची अंगणे रस्त्याहून २६ सेंटिमीटर खाली जाणार.

८ सेंटिमीटर ही उंची कागदावर फार वाटत नाही. ती कशी भोगावी लागते ते सांगतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. आमच्या नऊ घरांसमोरचा रस्ता दोनशे मीटर लांब आणि चार मीटर रुंद आहे. त्याची निम्मी रुंदी जरी आमच्या बाजूला उतरती धरली, तरी ४०० चौरस मीटर होतात. दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि असे दिवस गोव्यात प्रत्येक पावसाळ्यात येतात, तर केवळ रस्त्याच्या त्या पट्ट्यावरून ४० हजार लिटर पाणी खाली येते. दहा हजार लिटरचे चार टँकर आमच्या नऊ अंगणांत रिते केल्यासारखे ते आहे. डोंगराचे पाणी यात धरलेलेच नाही.

हे पाणी अंगणात साचून राहते तेव्हा चिऱ्यांच्या भिंती ते खालून शोषतात. चिरा खाणीतून काढला की हवेत टणक होतो, पण तो सच्छिद्र दगड आहे. पाण्यात उभा राहिला की वातीत तेल चढावे तसे पाणी त्यात वर चढते. पाण्याबरोबर क्षार येतात. ऑक्टोबरात भिंत सुकू लागली की ते क्षार पृष्ठभागावर येऊन घट्ट होतात आणि गिलाव्याला आतून ढकलतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो. माझ्या पुढच्या भिंतीला २००९ पर्यंत लोणा नव्हता. त्या वर्षी प्रथम जमिनीपासून वीतभर उंचीवर पांढरी पूड दिसू लागली, तेव्हा मी एका ठेकेदाराच्या सल्ल्याने जुना चुन्याचा गिलावा काढून सिमेंटचा केला. ती माझी चूक होती आणि ती मी इथे लिहितो, कारण वाड्यावरच्या आणखी चार घरांनी तीच केली आहे. सिमेंटचा दाट थर भिंतीतला ओलावा बाहेर जाऊ देत नाही. अडलेले पाणी वाट शोधत आणखी वर चढते. तीन पावसाळ्यांत ओल कमरेपर्यंत आली. अखेर २०१६ च्या उन्हाळ्यात मी तो सगळा सिमेंट गिलावा छिन्नीने उतरवला, भिंत दोन महिने उघडी ठेवून सुकू दिली आणि महिनाभर पाण्याखाली मुरवलेल्या चुन्याचा गिलावा पुन्हा केला. माझे आणि माझ्या पत्नीचे चार महिने त्यात गेले. त्यानंतर ओल गुडघ्याच्या खाली आली, पण नाहीशी झाली नाही. भिंतीच्या पायाशी पाणी उभे आहे तोवर चांगल्यातला चांगला चुनासुद्धा ते थांबवू शकत नाही. २०२२ नंतर ओल पुन्हा वर चढू लागली आहे. दोन वर्षांपूर्वी चतुर्थीच्या आदल्या दिवशी आम्ही माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट, बांधत असताना गणपतीच्या आसनामागच्या भिंतीचा हातभर गिलावा सुटून खाली आला. रंग देऊन आठवडाही झाला नव्हता.

विहिरीची गोष्ट याहून गंभीर आहे. आमची विहीर अंगणाच्या कोपऱ्यात आहे. आजोबांनी तिचा कठडा जमिनीपासून दोन फूट उंच बांधला होता, त्यामुळे अंगणातले पाणी वरून आत पडत नाही. पण रस्त्यावरचे तेलकट, शेणामातीचे पाणी दिवसचे दिवस अंगणात उभे राहिले की ते जमिनीतून झिरपून विहिरीला मिळते. पूर्वी जून महिन्यात दोन-चार दिवस पाणी गढूळ होऊन पुन्हा निवळत असे. आता ते सप्टेंबरपर्यंत निवळत नाही आणि त्याला वास येतो. शोषखड्डेही त्याच वेळी भरून वर येतात. नऊ घरांपैकी सहा घरे विहिरीचेच पाणी पितात. आम्ही ब्लिचिंग पावडर घालतो, पाणी उकळून घेतो, पण लहान मुले असलेल्या घरांना पावसाळाभर हा धोका सोसावा लागतो, आणि यातल्या कशातही त्यांचा दोष नाही.

जुन्या घरांची रचना आपणही जाणता. पुढच्या खोल्या उंच जोत्यावर असतात आणि स्वयंपाकघर, न्हाणी मागे, परसाकडे एकेक पायरी उतरत जातात. माझ्या पुढच्या सोप्याचे जोते अंगणापासून तीन पायऱ्या उंच आहे, म्हणून तिथे अजून पाणी आलेले नाही. स्वयंपाकघर मात्र परसापासून एकाच पायरीवर आहे. २०२४ च्या जुलैत रात्री दोन वाजता तिथे घोटाभर पाणी होते. फ्रीजमागचा विजेचा सॉकेट जमिनीपासून फूटभर उंचीवर होता; पाणी त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधी मुख्य स्विच बंद करता आला, हे आमचे नशीब. दुसऱ्या दिवशी मी घरातले खालचे सगळे सॉकेट चार फुटांवर नेण्याचे काम हाती घेतले आणि वायरमन आणून अर्थिंग तपासून घेतले.

माझ्यापेक्षा अधिक त्रास शेजारच्या काकींना होतो आणि हे पत्र त्यांच्यासाठीही आहे. त्यांचे वय पंचाहत्तरच्या पुढे आहे, मुलगा जहाजावर नोकरीला असल्यामुळे वर्षातले नऊ महिने त्या एकट्या राहतात. त्यांच्या घराच्या मागच्या भिंती चिऱ्यांच्याही नाहीत, मातीच्या आहेत. गेल्या ऑगस्टमध्ये त्यांतल्या एका भिंतीचा खालचा भाग विरघळून बसला आणि वरचे वासे कलले. मी आणि वाड्यावरच्या दोन तरुणांनी भर पावसात माडाच्या खोडाचे टेकू लावून छप्पर सावरले. चिरे आणून तो कोपरा मी दिवाळीनंतर बांधून दिला. मी हातात थापी धरू शकतो म्हणून माझे घर उभे आहे. ज्यांना ते शक्य नाही, त्यांनी काय करावे, याचे उत्तर मला पंचायतीकडून हवे आहे.

आपण विचाराल की तुम्ही तुमच्या बाजूने काय केले. फाटकाच्या आत जे करता येण्यासारखे होते ते सर्व केले आहे. २०१३ साली फाटकात नऊ इंचांचा सिमेंटचा बांध घातला. २०१७ च्या थराने त्याचा उपयोग संपवला. कंपाउंडच्या कडेने चिऱ्यांचे गटार खणले, १८ मीटर लांब, दर मीटरला एक सेंटिमीटर उतार देऊन, आणि मागच्या बाजूला माझ्याच कुळागराच्या पाटाला नेऊन सोडले. अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप बसवला, पण मुसळधार पावसात आधी जाते ती वीज, आणि पंप नेमका हवा तेव्हा बंद असतो. तुळशी वृंदावन उतरवून हातभर उंच करून पुन्हा बांधले. एक उपाय राहिला होता: संपूर्ण अंगण आणि स्वयंपाकघराची जमीन भराव घालून उचलणे. त्यासाठी पंचायतीत विचारणा केली तेव्हा बांधकामाचा परवाना लागेल, नकाशा लागेल आणि जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर ज्यांची नावे आहेत त्या सर्वांची ना हरकत लागेल, असे सांगण्यात आले. उताऱ्यावर माझ्या आजोबांच्या पाच भावंडांची नावे आहेत. त्यांचे वारस मुंबई, पुणे आणि पोर्तुगालपर्यंत पसरलेले आहेत. गोवा पंचायत राज कायदा, १९९४ मध्ये बांधकामाला परवानगी लागते हे मला ठाऊक आहे आणि ती अट योग्य आहे असेच मी मानतो. परंतु माझी स्वतःची जमीन एक फूट उचलण्यासाठी मला सर्व वारसांची संमती आणावी लागते आणि माझ्या घरासमोरचा रस्ता दीड फुटाहून अधिक उचलताना एकाही घराला विचारावे लागत नाही, हे न्याय्य नाही.

आता रस्त्याखेरीजच्या तक्रारी, थोडक्यात.

रस्त्याच्या वरच्या अंगाचे गटार डोंगराचे पाणी अडवण्यासाठी आहे. ते पाणी मोरीतून रस्त्याखालून खाली यावे आणि पाटाने व्हाळाला मिळावे, अशी मूळ रचना होती. जुनी मोरी चिऱ्यांची होती, दोन फूट रुंद आणि अडीच फूट उंच. २०१७ च्या कामात ती बुजवून तिथे ३०० मिलिमीटर व्यासाचा एकच पाइप घातला गेला. पाणी जायची वाट जुन्या मोरीच्या सहाव्या हिश्शाहूनही कमी झाली आहे. त्यात माडाची एक झावळी अडकली तरी वरचे गटार भरून रस्ता ओलांडते आणि थेट आमच्या फाटकांत शिरते. खालच्या अंगाचे गटार काँक्रीटच्या लाद्यांनी झाकले आहे, पण त्याच्या तळाला उतार नाही. मी नळी लावून पाहिले, व्हाळाकडचे टोक मधल्या भागाहून ४ सेंटिमीटर उंच आहे. गटाराची सफाई पहिला पाऊस पडून गेल्यावर होते, आणि काढलेला गाळ कडेलाच ठेवला जात असल्यामुळे दुसऱ्या पावसात तो परत आत जातो. डांबरीकरण झाल्यावर काही महिन्यांत केबल टाकण्यासाठी रस्त्याची कड खणली जाते आणि चर नीट दाबला जात नाही. २०२२ च्या थराची कड जिथे जिथे खचली आहे, तिथे तिथे खाली केबलचा चर आहे. कोणीही चालत जाऊन पाहावे.

या गावात पाण्याची वाट राखणे हे पूर्वी सगळ्यांचे काम होते. कुळागराचा पाट कोणी अडवला तर वाड्यावर बैठक बसत असे. गावकरी पद्धतीत बांध आणि पाणी हा सामायिक विषय होता, कारण वरच्याने पाणी अडवले किंवा सोडले की भोगावे लागते खालच्याला. ती जबाबदारी आज कायद्याने पंचायतीकडे आणि खात्याकडे आलेली आहे.

जुना थर उकरण्याला जास्त खर्च येतो, हे कारण मला ग्रामसभेनंतर खासगीत सांगण्यात आले. खर्च येतो, हे मान्य आहे. पण उकरलेला माल वाया जात नाही. तो पुन्हा मिश्रणात किंवा कडेच्या भरावात वापरता येतो. रस्त्यावर पाणी साचू दिल्याने डांबर खडीपासून सुटते आणि दर पाच वर्षांनी नवा थर घालावा लागतो, तो खर्चही याच हिशेबात धरायला हवा. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकांप्रमाणे जास्त पावसाच्या प्रदेशात अशा डांबरी रस्त्याला मध्यापासून कडेपर्यंत शेकडा दोन ते अडीच उतार हवा. चार मीटर रुंदीच्या रस्त्याला मध्य आणि कड यांत चार ते पाच सेंटिमीटरचा फरक पुरतो. आमच्या रस्त्याचा मध्यच ओळखू येत नाही, कारण थरावर थर घालताना ठिगळे बुजवली गेली आणि सगळा रस्ता आमच्या बाजूला कलला. उकरण्याची मागणी नवी किंवा अवास्तव नाही. २०२१ साली तमिळनाडूच्या मुख्य सचिवांनी घरे रस्त्याखाली जाऊ नयेत यासाठी जुना थर उकरूनच नवा घालावा, अशा सूचना दिल्या होत्या. जे तिथे करता येते ते आपल्या लहानशा राज्यात करता यायला हवे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

आमच्या वाड्यावरचे नियोजित डांबरीकरण जुना थर उकरल्याशिवाय सुरू करू नये. निदान जेवढी नव्या थराची जाडी, तेवढा जुना थर काढावा, म्हणजे रस्ता आज आहे त्याहून वर येणार नाही. त्यासाठी अंदाजपत्रक सुधारावे लागले आणि काम या वर्षी पावसाळ्यापूर्वी न होता ऑक्टोबरनंतर झाले, तरी आम्हा नऊही घरांना ते चालेल. तसे लेखी पत्र आम्ही सह्यांनिशी सोबत दिले आहे. मधल्या काळात खड्डे मात्र बुजवावेत, कारण मुलांच्या सायकली थांबू शकत नाहीत.

मोरी पूर्वीच्या मापाची, किंवा डोंगराचे पाणी मोजून ठरेल त्या मापाची, पुन्हा बांधावी. हे काम डांबरीकरणाच्या आधी व्हावे, नंतर रस्ता फोडून नव्हे. खालच्या गटाराचा तळ व्हाळापर्यंत सलग उतरता करावा. दोन्ही गटारांची सफाई दर वर्षी २० मेपर्यंत संपवावी आणि गाळ त्याच दिवशी उचलावा.

यापुढे कोणत्याही वाड्यावर रस्त्याचे काम काढण्यापूर्वी सर्वांत खालच्या घराचे जोते आणि रस्त्याचा मध्य यांतले अंतर मोजून ते अंदाजपत्रकात लिहावे, आणि काम संपल्यावर पुन्हा मोजून ग्रामसभेसमोर ठेवावे. मोरीच्या कठड्यावर पातळीची कायमची खूण करावी. केबलवाल्यांना डांबरीकरणाच्या आधी खणायला सांगावे आणि त्यानंतर तीन वर्षे परवानगी देऊ नये.

रस्ता उंच झाल्यामुळे ज्यांची अंगणे खाली गेली आहेत, त्यांना स्वतःच्या अंगणात भराव घालण्यासाठी आणि राहत्या घराची जमीन उचलण्यासाठी सोपी परवानगी मिळावी. त्यासाठी कायद्यात बदल लागत असेल तर पंचायतीने तसा ठराव करून सरकारकडे पाठवावा. आणि शेजारच्या काकींच्या भिंतीसाठी जी मदत देता येत असेल, तिचा अर्ज पंचायतीच्या कर्मचाऱ्याने त्यांच्या घरी जाऊन भरून घ्यावा. त्या कार्यालयाच्या पायऱ्या चढू शकत नाहीत.

या पत्राचे लेखी उत्तर पुढच्या ग्रामसभेपूर्वी मिळावे. माझ्या वहीची १९८४ पासूनच्या नोंदींची प्रत पत्रासोबत जोडली आहे. ती खरी आहे की नाही हे तपासण्यासाठी आपण स्वतः यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. अभियंत्यांनी त्यांचे यंत्र आणावे. ते नसेल तर माझी नळी, पट्टी आणि वडिलांनी कोरलेली खूण तिथे आहेच. कोणत्याही दिवशी सकाळी आठनंतर मी घरी असतो. पट्टीचे दुसरे टोक धरायला एक माणूस लागतो. ते काम माझी पत्नी करते, त्या दिवशी सरपंचांनी करावे.

आपला नम्र,
रस्त्याच्या खालच्या अंगाच्या नऊ घरांपैकी एक घरमालक